दीड गुंठ्यात कोकण

कोल्हापुरात बंगल्याची वास्तुशांत झाली की माणसाला कोकण आठवतं. घाटाखाली कुणी पाव्हणं असो-नसो, दारात हापूस पाहिजे. शिवाय फणस, नारळ, चिकू, लिंबू आणि पोरांच्या डोक्यासाठी एखादं बदामाचं झाड. जागा किती, तर दीड गुंठा. त्यातून घर, जिना, बोअर, सेप्टिक टँक आणि चारचाकी वजा करा. उरते कंपाउंडलगतची पाच फुटी पट्टी.

आता हिशेब बघा. हापूसच्या दोन कलमांत १० मीटर अंतर ठेवायची जुनी शिफारस आहे. म्हणजे एका झाडाला १०० चौरस मीटर, आणि एक गुंठा भरतो साधारण १०१. एक गुंठा हापूसला द्यायचा आणि राहिलेल्या अर्ध्यात आपण बिऱ्हाड थाटायचं. एवढं करून तो धरणार वर्षाआड, आणि कापल्यावर आत साका, म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा भाग, निघाला तर तक्रार कुणाकडे करणार? म्हणून मी आम्रपाली सुचवतो. दशहरी आणि नीलमचा संकर, अंगाने बुटकी, अडीच मीटरवर भागतं, दरवर्षी धरते. नाहीतर दापोलीचा रत्ना घ्या, नीलम आणि हापूसचा, साक्याची कटकट नाही. सगळे माना डोलावतात आणि हापूसच आणतात. पाव्हण्यांपुढे ‘रत्ना’ म्हणून कसं सांगायचं!

काहीजण तेही पैसे वाचवतात आणि खाल्लेल्या हापूसची कोय पुरतात. आठ-दहा वर्षांनी झाडाला रायवळ लागतो. चवीला बरा असला तर नशीब.

नर्सरीवाला म्हणतो, “डोळं झाकून न्या की, पाव्हणं!” डोळे झाकायचे नाहीत. पानं नंतर, आधी जोड बघायचा, म्हणजे हापूसची काडी दुसऱ्या रोपाच्या बुंध्याला, खुंटाला, बांधतात ती जागा. तो सांधलेला हवा, भेग नको, वरची काडी आणि खालचा खुंट जाडीला सारखे हवेत, आणि प्लास्टिकची पट्टी अजून आवळून बसली असेल तर ती ब्लेडने कापून टाकायची. लावताना जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. पुढचं संकट जोडाच्या खालून येतं. तिथून एक कोवळी, तांबूस फूट निघते. ती वरच्या कलमापेक्षा जोमाने वाढते आणि घरात तिचंच कौतुक होतं, ‘बघा, हापूसने धरलं!’ हापूसने नव्हे, खुंटाने धरलंय. ती दिसेल तेव्हा नखाने खुडायची. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर असतं, तिथेही हाच प्रकार; दुर्लक्ष केलं तर चिकू मुकाट्याने सुकतो आणि आपण वर्षानुवर्षं खिरणीला पाणी घालतो.

खड्डा अडीच-तीन फुटी, एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापवलेला. कोल्हापुरात तो जूनच्या पहिल्या पावसात, छत्री धरून काढतात. खणल्यावर माती निघतच नाही. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि गवंड्याची एखादी चप्पल निघते. हा राडा बाहेरच टाका. सिमेंटमधला चुना जमिनीत राहिला की लिंबाची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग लोक उगाच युरिया टाकतात. भरताना चांगली माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. पंचगंगेकडच्या काळ्या जमिनीत रोप उंचवट्यावर लावा. पपई तर दोन दिवस पाण्यात उभी राहिली की तिसऱ्या दिवशी आडवी होते.

बदामाचं विचाराल तर खऱ्या बदामाला फुलायला हिवाळ्यात बरेच तास सात अंशांखालची थंडी लागते. आपली थंडी कानटोपीपुरती. ‘बदाम’ म्हणून गळ्यात पडतो तो देशी बदाम, ताटाएवढ्या पानांचा. तो अंगण झाडायला लावतो. काजू मात्र आजरा-चंदगडला येतो, आपल्याकडेही येईल. वेंगुर्ला-४ किंवा ७ घ्या, पण सात मीटर जागा सोडा, आणि बी गॅसवर भाजू नका. टरफलातल्या तेलाने हातावर फोड येतात.

माझं मत विचाराल तर त्या पट्टीत लिंबू, पेरू आणि सीताफळ, बस्स. लिंबाच्या बुंध्याला पाणी टेकू द्यायचं नाही, नाहीतर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येतो. आळं दुहेरी करायचं, बुंध्याभोवतीचं आतलं कोरडं आणि बाहेरच्यात पाणी. पानावर चिमणीची शीट दिसली तर जरा हात लावून बघा. ती चालायला लागते. फुलपाखराची अळी आहे ती, वेचून टाका.

सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर, आणि मधल्या भुंगेऱ्यांनी दांडी मारली की फळ वाकडं होतं. मग सकाळी चित्रकलेचा ब्रश घ्यायचा, पूर्ण उघडलेल्या फुलातला पराग जेमतेम फाकलेल्या फुलात फिरवायचा. फिरायला निघालेली काकू हे बघून वेग वाढवते, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

पेरू सरदार घ्या, छाटून सात फुटांवर ठेवा. नव्या फुटीवरच त्याला फळ येतं. पावसाळी बहर सोडून द्या, तो फळमाशीचा असतो. हिवाळ्याचं फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी बांधा. फळमाशी पिशवीला थांबते. शेजारची पोरं पिशवीसकट नेतात.