किरकोळ खाती चहा तीन

चहाच्या पोराला पन्नासाची नोट आणि मला शेठचं "मार्च होऊ दे, मग बघू." लेख खरं तर इथंच संपला. पण राग संपलेला नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं एक अडत दुकान आहे. त्यांचा सर्व्हर मी बघतो, म्हणजे बंद पडला की बघतो. मंगळवारी दुपारी तीनला फोन आला, पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, निघेनात. सौदे उरकलेले, शेतकरी पट्टीसाठी ओट्यावर ताटकळलेले आणि स्क्रीनवर एकच ओळ, डिस्कवर जागा शिल्लक नाही. विश्रामबागेतून गाडी काढली आणि वीस मिनिटांत हजर झालो. ह्या वीस मिनिटांचे पैसे कुणी देत नाही, ते असो.

सर्व्हर दिवाणजींच्या गादीमागे, नमुन्याच्या पोत्यांना खेटून ठेवलाय. त्याच्या पंख्यातून वाऱ्याबरोबर हळदही येते. कीबोर्डावरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत, बटणं मात्र पिवळीधमक. पाच मिनिटं टाइप केलं की बोटं अशी होतात की वाटावं, संध्याकाळी आपलं लग्न आहे.

डीएफ मारलं. डिस्क किती भरली ते सांगणारी ही कमांड, तिनं १०० टक्के सांगितलं. कुठली फाइल किती जागा खाते ते बघायला डीयू मारलं. बिलिंगच्या प्रोग्रामची एकच लॉग फाइल ६१ जीबीची. मी मनात हसलो. असले रोग मी झोपेत बरे करतो. फाइल पुसायचं आरएम लिहिलं, एंटर दाबलं, फाइल गेली. मग ओट्यावरच्या लोकांना दिसेल अशा बेतानं मान ताठ करून पुन्हा डीएफ मारलं.

१०० टक्के.

पुन्हा मारलं. १०० टक्केच. इथं दिवाणजींनी लेखणी ठेवली आणि गादीवरल्या गादीवर माझ्याकडे तोंड करून बसले.

दिवाणजी सत्तरीच्या पलीकडचे. पांढरी टोपी, चष्म्याला दोरी. दुकानात कॉम्प्युटर येऊन कैक वर्षं झाली, तरी लाल कापडी बांधणीच्या चोपडीत ते रोजची कीर्द हातानं लिहितात. कॉम्प्युटरचा हिशेब बरोबर आहे का ते बघायला, असं त्यांचं म्हणणं.

"भरलंय कशानं?"

"लॉगनं."

"लाग म्हंजे?"

"मशीन दिवसभर जे जे करतं, ते वेळेसकट लिहून ठेवतं. कोण आलं, काय मागितलं, काय चुकलं."

"म्हंजे कीर्द."

मी गप्पच झालो. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना लॉग समजावतोय. डायरी, हजेरीपट, विमानातली काळी पेटी, सगळं सांगून झालं. कीर्द हा शब्द कधी सुचला नव्हता. सुचणार कसा, आम्ही सगळं इंग्रजीतून शिकलो. सिसलॉग हा लॉग लिहायचा प्रकार १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीला एरिक ऑलमन यांनी ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेल प्रोग्रामसाठी काढला, हे मला पाठ आहे. पण ती रोजकीर्द आहे हे कळायला सांगलीतले दिवाणजी लागले.

"कीर्द एवढी कशी फुगली? आमची दिवसाला दोन पानं होत न्हाईत."

"बारीकसारीक सगळं लिहायला सांगितलं की फुगते. त्याच्या पातळ्या असतात. शून्य ते सात. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट, मशीन आडवं. मग खाली धोका, चूक, इशारा असं करत करत सात म्हणजे नुसती बडबड."

"उलटं आहे की ओ हे!" ते ओट्याकडे वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "ऐका. आयर्विन पुलाला ४० फूट म्हंजे इशारा, ४५ म्हंजे धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं तवा अर्धं गाव पाण्यात. आणि ह्यांच्यात शून्य म्हंजे महापूर आणि सात म्हंजे कृष्णाबाई घाटाखाली निवांत."

ओटा हसला. १८४३ पासून ह्या गावाला नाटक बघायची सवय आहे. पट्टीसाठी खोळंबलेली माणसं बघता बघता प्रेक्षक झाली आणि एक तर पोतं ओढून पुढं येऊन बसला.

"जगभर हेच चालतं," मी म्हणालो. "२००९ सालचा आरएफसी ५४२४ नावाचा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आहे, त्यात लिहिलंय." मार्केट यार्डात आरएफसीचा दाखला देणारा मी पहिलाच असेन, आणि शेवटचाही.

"असंल. आणि हे काय?" त्यांनी लेखणीचं टोक स्क्रीनवरच्या एका ओळीवर टेकवलं. तिथं ०९:५२ होतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन बावीस. "सकाळी ९:५२ ला मी देवाला उदबत्ती लावत होतो."

"ती जागतिक वेळ आहे. आपण तिच्या साडेपाच तास पुढं."

"हळद सांगलीची, पट्टी सांगलीची, आडत्या सांगलीचा. मग वेळ परक्याची कशाला?"

ह्याला उत्तर आहे. अनेक देशांतली मशीनं एकमेकांशी बोलतात, एकच वेळ धरली म्हणजे गोंधळ होत नाही. पण हे मशीन फक्त शेजारच्या प्रिंटरशी बोलतं, तेही भांडूनच. मी काही बोललो नाही. वेळ आयएसटी, म्हणजे भारतीय, करायला दोन मिनिटं लागतात, आणि ती सर्व्हर बसवला त्या दिवशी मी दिली नव्हती.

इतक्यात चहा आला. पहिला मी घेतला. दुसराही घेतला, कारण पहिला पितानाच डोक्यात उजेड पडला. फाइल यादीतून गेलीय, पण बिलिंगचा प्रोग्राम अजून तिच्यात लिहितोच आहे. त्यानं उघडून धरलेली फाइल तो सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. डीयू यादी वाचतं, तिला फाइल दिसत नाही. डीएफ जागा मोजतं, ती भरलेलीच. कुठल्या प्रोग्रामनं कुठली फाइल उघडून धरलीय ते दाखवणारं एलएसओएफ लावलं, तर खरंच ती फाइल 'पुसलेली' असा शिक्का घेऊन ६१ जीबीवर ठाण मांडून बसलेली.

"पुसली तरी हाय कशी?" दिवाणजी.

"सातबाऱ्यावरचं नाव कमी झालंय," मी म्हणालो, आणि स्वतःवरच खूश झालो. "कब्जा सुटलेला नाही."

ओट्यावर एकदम "हांऽऽ" झालं. त्या दुपारी माझं कौतुक झालं ते एवढंच. तिघांनी आपापल्या बांधाच्या केसी सांगितल्या. एकाची तर वडिलांच्या वेळेपासून चालू आहे, सर्व्हरपेक्षा जुनी.

दिवाणजी मात्र हसले नाहीत. "पण त्यात लिवलं काय हुतं?"

"कशात?"

"त्या कीर्दीत. एवढी कशानं भरली, वाचून बघितलं असंल की."

बघितलं नव्हतं. आकडा बघितला आणि पुसली. शेपटाकडच्या दहा ओळी वाचल्या असत्या तरी रोग कळला असता. चांगला माणूस फाइल पुसतच नाही, जागच्या जागी रिकामी करतो, आणि त्याआधी वाचतो. हे मी शिकाऊ पोरांना दर वर्षी सांगतो.

"न वाचता पान फाडलं?" ते हळूच म्हणाले. ओट्यावर ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला, ते मला जास्त लागलं. "पन्नास वर्षं कीर्द लिवतोय. चुकलं तर आडवी रेघ मारतो, खाली दुरुस्ती लिवतो. पान फाडलेलं न्हाई."

अजून एक वाट होती. प्रोग्राम चालू आहे तोवर पुसलेली फाइलसुद्धा प्रॉक नावाच्या फोल्डरमधून, मागच्या दारानं, वाचता येते. शेवटच्या लाखभर ओळी पेन ड्राइव्हवर काढायच्या, मग प्रोग्राम रीतसर बंद करून चालू करायचा. रोगही कळणार, जागाही सुटणार, पान फाडल्याचा डागही जाणार. कमांड लिहून तयार ठेवली. तिसरा चहा कुणीतरी सर्व्हरच्या डोक्यावर आणून ठेवला होता. मी खाली वाकून बॅगेत पेन ड्राइव्ह शोधू लागलो.

तेवढ्यात चहाच्या पोरानं, विशीतला चांगला मिशा फुटलेला पोरगा तो, मोबाइल चार्ज करायला यूपीएसमागच्या बोर्डावर हात घातला आणि चुकीचं बटण दाबलं.

पंख्याची घरघर थांबली. मी ओरडून उठलो. त्यानं घाबरून बटण परत दाबलं. पाच-सहा मिनिटांनी सर्व्हर उठला, डिस्क २३ टक्के, आणि प्रिंटरनं पट्ट्या सोडायला सुरुवात केली. प्रोग्रामच मेला, मग कब्जा सुटणारच! मी ते समजावून सांगत होतो, पण पट्टी हातात आल्यावर सातबारा कोण ऐकतो?

शेठ आतून आले. "झालं का? कुणी केलं?"

ओट्यानं एकमुखानं चहाच्या पोराकडे बोट दाखवलं.

"ह्याला म्हणतात डोकं," शेठ म्हणाले आणि खिशातून पन्नासाची नोट काढली. मी व्हिजिटचे आठशे सांगितले. "तुम्ही काय बदललं?" काही नाही. "पार्ट घातला?" नाही. "मग तासभर करत काय होता?"

वाचत होतो. वाचायचं तेवढंच काम असतं ह्यात. वायर बदलली की पैसे मिळतात, कारण जुनी वायर हातात देता येते. रॅम घातली की मिळतात. डॉक्टर नाडी धरून बसला तर त्याला कुणी विचारत नाही, की तुम्ही हातच धरून होता, मग पाचशे कशाचे. आमचा धंदा नाडीचाच आहे, फक्त रोग्याला हात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ह्या खेपेला मी नाडीही धरली नव्हती. शेठना हे माहीत नव्हतं, तरी वर्मी लागायचं ते लागलं.

आठ दिवसांनी पैसे मागायला गेलो, तर उलट मलाच काम निघालं. एका शेतकऱ्याची पट्टी दोनदा निघाली होती. एक बंद पडायच्या आधीची की दोन्ही नंतरच्या, असा वाद. शेठ म्हणाले, तुमच्या लॉगमध्ये बघा की.

बघितलं. मंगळवारी दुपारी साडेबारापासून पुढं नियमित लॉग कोरा, कारण डिस्कच भरलेली. जर्नल नावाचा दुसरा एक लेखनिक असतो. त्याच्यासाठी डिस्कवर फोल्डर केलेलं नसलं, तर तो नुसता मेमरीत लिहितो आणि वीज गेली की पाटी कोरी. फोल्डर मी केलेलं नव्हतं. ६१ जीबीची कहाणी तर आपणाला ठाऊकच आहे. मी स्क्रीनकडे बघत उगाच वर-खाली करत राहिलो.

दिवाणजींनी चोपडी ओढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि समासातलं बारीक अक्षर वाचलं, "दु. ४-१०, चहावाल्याने बटण काढिले. ४-१६, कॉम्प्युटर चालू. ४-२०, पहिली पट्टी. कारण समजले नाही, पान फाडले."

वाद मिटला. दोन्ही पट्ट्या ४-२० नंतरच्या, प्रिंटरचा चावटपणा. त्या दुपारचा सर्व्हरचा एकमेव लॉग लाल चोपडीत होता, तोही भारतीय वेळेनुसार.

मी वाकून पुढची ओळ वाचली. 'किरकोळ खाती, चहा ३, कॉम्प्युटरवाला, रु. ३०.'

"मी दोनच प्यालो," मी म्हणालो.

"तिसरा वरडत उठताना लवंडलात, तो," दिवाणजी म्हणाले. "पोत्यावर डाग हाय अजून. बगायचा?"