‘झालं सेट!’ म्हणे

अ‍ॅपच्या सेटिंगमधलं एकच व्हेरिएबल बदलायचं होतं हो. एक! डेटाबेसचा पत्ता. एआय एजंटला सांगितलं, तर दोन सेकंदांत उत्तर: ‘यशस्वीरीत्या सेट केलं आहे.’ कुठे केलंस बाबा? प्रिव्ह्यूमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्रतीत. प्रॉडक्शन, म्हणजे खरं चालू अ‍ॅप, तसंच उपाशी. परत सांगितलं. आता प्रॉडक्शनमध्ये गेलं, पण रीडिप्लॉय, म्हणजे अ‍ॅप नव्याने चढवणं, कोण करणार, माझे पूर्वज? जुनी प्रोसेस जुनीच व्हॅल्यू उराशी धरून बसलेली. तिसऱ्यांदा सांगितलं, तर पठ्ठ्याने एकाची भर घालायच्या ऐवजी अख्खी यादीच बदलून टाकली. एक आलं, चौदा गेली! आणि वर हिरवी टिक.

मग एपीआय की, म्हणजे दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली. ती भरली ‘एको’ कमांडने पाइप करून, म्हणजे शेवटी डोळ्यांना न दिसणारी नवी ओळ चिकटलेली. की बघावी तर अक्षर न् अक्षर बरोबर, आणि सर्व्हर म्हणतो ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’. दीड तास मी स्क्रीनकडे बघतोय, स्क्रीन माझ्याकडे. आपणहून नवी ओळ न चिकटवणारं ‘प्रिंटएफ’ वापरायला काय पैसे पडतात का?

आणि पासवर्ड? तो साहेबांनी ‘खात्रीसाठी’ चॅटमध्ये जसाच्या तसा छापून दाखवला. आता लॉगमध्ये कायमचा मुक्काम. म्हणजे तोही बदला. बदलायला सांगू कुणाला? यालाच?