'झोपलेला माणूस अंतराळवीर होत नाही' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अंतराळात मणक्यांचं काय होतं, हे पाहायला माणसांना इथेच पलंगावर झोपवून प्रयोग करतात, असं मी मणक्यांवरच्या लेखात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण 'पलंगावरही गुरुत्वाकर्षण असतंच, म्हणजे हे प्रयोग थोतांड आणि लेखिकेनं ते डोळे झाकून उतरवलं' ही काय बोलण्याची रीत झाली? शंका होती तर सरळ विचारायची.

पलंगावर गुरुत्वाकर्षण असतं, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. प्रश्न ते कोणत्या दिशेनं ओढतं, हा आहे. आपण उभे असतो तेव्हा डोक्याचा, हातांचा, धडाचा भार मणक्यांवरून खाली उतरतो आणि दोन मणक्यांमधल्या मऊ गाद्या (डिस्क) दाबल्या जातात. दिवसभर त्यांतलं थोडं पाणी बाहेर पडतं, रात्री आडवं झाल्यावर ते परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते. डोकं 6 अंश खाली ठेवून माणसाला आठवडेच्या आठवडे झोपवलं, की हा उभा दाब दिवसाही परत येत नाही. अंतराळातही मणक्यांवर तो नसतो. प्रयोगाला हवं असतं ते नेमकं एवढंच!

फ्रान्समधल्या तुलूझमध्ये असाच भार काढायला 12 पुरुषांना 3 दिवस पाण्यात तरंगत ठेवलं होतं, अंग आणि पाणी यांच्यामध्ये जलरोधक कापड. त्यांच्या गाद्या फुगल्याचं एमआरआयमध्ये दिसलं, कंबरही दुखली. अंतराळात पोचल्यावर पहिल्या काही दिवसांत अनेकांची तक्रार हीच असते. बर्लिनला दोन महिने झोपवलेल्या पुरुषांचे मणक्यालगतचे खोल स्नायू रोडावले. अंतराळ स्थानकावर सहा महिने राहून आलेल्यांचेही रोडावतात. हे थोतांड?

आणि 'डोळे झाकून' म्हणता? मी वीसेक वर्षं फिजिओथेरपी करते आहे. माझ्या स्वतःच्या मणक्यातली गादी सरकली तेव्हा मी कितीतरी दिवस आडवी होते. उठल्यावर पाठ मला उभं धरेना. खोलीभर चालायला भिंतीचा आधार लागायचा. हे मला कागदावरून कळलेलं नाही. तुम्ही असा एक तरी रुग्ण उभा केला आहे का?

स्थानकावरून परतलेल्यांच्या गाद्या तितक्या फुगलेल्या आढळल्या नाहीत, हे तुमचं म्हणणं निराळ्या विषयाचं आहे, त्यात इथे शिरत नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. 'थोतांड' हा शब्द वगळून लिहा, मी उत्तर देईन.