नोंदवहीत नाव नाही म्हणून कोणी परकं ठरत नाही

'सात पिढ्यांची वंशावळ घरबसल्या काढा' असा एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: इंग्रजांच्या काळापासूनच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या सगळ्या नोंदी ऑनलाइन आल्यात. नाव आणि वडिलांचं नाव जुळलं की माणूस तोच. मृत्यूच्या दाखल्यावरून घराण्यातले आजार कळतात. आणि गावच्या जन्मनोंदीत ज्याचं नाव सापडत नाही, तो त्या घरातला नाहीच, 'बाहेरून आणलेला' आहे.

हे शेवटचं वाचून घरातल्या एका पोराने माझ्या ऐंशी ओलांडलेल्या आत्याला सरळ विचारलं, तुला दत्तक घेतलं होतं का? म्हणून आधी त्याचंच बघते.

जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, ज्याने एकदा उघडलंय, तो असं लिहिणार नाही. बहुतेक पानं मोडी लिपीत. नोंदीत तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव कुठून असणार? बारसंच झालेलं नसायचं! आजचा कायदासुद्धा हे धरून चालतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ चं कलम १४ वाचा: नाव नसतानाही जन्माची नोंद होते, नाव नंतर घालता येतं. म्हणजे ज्याला हा मेसेज संशयाचा पुरावा म्हणतो, ती कायद्याने मान्य केलेली रोजची गोष्ट आहे.

शिवाय नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे, बापाचं घर जिथे आहे तिथे नव्हे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मग थोरल्या मुलाची नोंद वडिलांच्या गावात शोधून कशी सापडेल? ती आजोळच्या गावच्या नोंदवहीत असते, आणि आजोळचा तालुका वेगळा असेल तर दुसऱ्याच तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. बायकांचा शोध तर आणखी अवघड. लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं नावही बदललं. सासरचं नाव घेऊन जन्मनोंद शोधणं म्हणजे कधी नसलेल्या व्यक्तीला शोधणं. आजीची नोंद हवी असेल तर तिच्या वडिलांचं नाव, जन्माचं अंदाजे साल आणि 'मुलगी' एवढ्यावरच शोधावं लागतं. आणि कित्येक जन्मांची नोंद झालीच नाही. इंग्रजांच्या १८८६ च्या नोंदणी कायद्यातली नोंदणी ऐच्छिक होती, देशभर सक्ती आली ती १९६९ च्या कायद्याने. एवढं सगळं बाजूला ठेवून एखाद्या म्हातारीच्या जन्मावर बोट ठेवायचं, हा निव्वळ दुष्टपणा आहे.

ऑनलाइनच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम झाली, तेव्हा बरीच जुनी कागदपत्रं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. पण ती त्या कामापुरती. आडनाव टाकलं की वंशावळ बाहेर पडते, असं तिथे काही नाही. मोडी वाचणारा माणूस अजूनही लागतोच.

लग्नाच्या नोंदींचं तर विचारूच नका. १९६९ च्या कायद्याच्या नावातच लग्न नाही. चर्चच्या रजिस्टरात जुनी लग्नं सापडतात, पारशी लग्नांची नोंदणी १८६५ च्या कायद्यापासून आहे. बाकी बहुतेकांच्या पणजोबांचं लग्न मांडवात लागलं, सरकारदरबारी त्याचा कागद झालाच नाही.

नाव जुळलं की माणूस तोच, हेही धोक्याचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. गोविंदाचा रामचंद्र, रामचंद्राचा गोविंद, पुन्हा गोविंदाचा रामचंद्र. 'रामचंद्र गोविंद' एकाच घरात दोन, मध्ये पन्नासेक वर्षांचं अंतर. सालं न बघता जोडलंत तर दोन पिढ्या गिळल्या जातात. शेती असलेल्या घरांत हा गुंता वारसाच्या फेरफाराने, म्हणजे जमिनीच्या दप्तरातल्या मालकीबदलाच्या नोंदीने, सुटतो. खातेदार वारल्यावर वारसांची नावं तिथे लागतात, त्यात पुष्कळदा विधवेचं आणि मुलींचंही नाव मिळतं. शाळेच्या दाखल्याचा आधार घ्या, पण जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी घातलेली असण्याचीच शक्यता जास्त.

राहिले आजार. त्याच १९६९ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की मृत्यूच्या नोंदीचा उतारा कोणालाही दिला तरी त्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. त्याआधीच्या गावच्या वह्यांत कारण असतं, पण ते लिहून घेणारा कोतवाल, डॉक्टर नव्हे. म्हणून पानोपानी 'ताप'. तो हिवताप होता, विषमज्वर होता की आणखी काही, हे त्या एका शब्दावरून कोणीही सांगू शकत नाही.