'तेव्हा कुणाला खटकत नव्हतं' म्हणे!

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायचा कल्पित गोष्टींचा गेम) खेळणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक लांबलचक मजकूर फिरतोय. मला तो तीन मित्रांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी 'अगदी मनातलं लिहिलंय' अशी पुस्ती जोडून. त्याचं सार असं: सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या टेबलटॉप गेम्समध्ये भारत, जपान, चीन जसे दाखवले त्यावर आज आक्षेप घेणं म्हणजे नसता कांगावा. तेव्हा माहिती मिळत नव्हती. सगळ्याच देवांना एकच न्याय होता. कुणी तक्रार केली नाही आणि कंपनीही कुणापुढे वाकली नाही. आपल्याच चित्रकथांमध्ये राक्षस कसे काढतात ते बघा. आणि जुन्या पुस्तकांवर आता इशारा छापणं ही सेन्सॉरशिप आहे.

मी हे गेम बारा-तेरा वर्षं खेळतोय. जुन्या रूलबुकांवर माझा जीव आहे, म्हणूनच हा मजकूर जास्त टोचला.

'माहिती मिळत नव्हती' इथपासून सुरुवात करू. टीएसआर या डी अँड डीच्या मूळ कंपनीने 1975 मध्ये 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' नावाचा गेम काढला. त्याचे लेखक एम. ए. आर. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई विषय शिकवणारे प्राध्यापक. म्हणजे आपल्याकडच्या भाषा आणि पुराणं जाणणारा माणूस कंपनीच्या लेखकांतच होता, त्याला एक फोन करणं पुरेसं होतं. (याच बार्करांनी टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर 2022 मध्ये उघड झालं. तेव्हा जाणकार मिळाला की सगळं आलबेल, असंही समजू नका.)

1975 च्याच शेवटी टीएसआरच्या नियतकालिकात राक्षस अवतरला. 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे गेममधल्या प्राण्यांच्या पुस्तकात, तो सगळ्या जगाने पाहिला: वाघाचं तोंड, अंगात उंची जाकीट, हातात पाइप. हा प्राणी प्रथम भारतात माहीत झाला, असं त्या पुस्तकात लिहिलंय. हा खरा आला कुठून? 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकी मालिकेच्या डिसेंबर 1974 मधल्या एका भागातून. त्यात शिकागोत एक राक्षस हिंडतो, समोरच्याला त्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन फसवतो आणि मंतरलेल्या क्रॉसबो बाणाने मरतो. गेममध्येही नेमकं हेच: विश्वासातल्या माणसाचं रूप, आणि मंतरलेला क्रॉसबो बाण लागला की खलास. रामाने उभ्या युद्धात क्रॉसबो हातात धरला नाही, पण टीव्हीवर जे दिसलं ते रूलबुकात उतरलं. हवी ती माहिती कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात होती, पण टीव्हीवरच काम भागत होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. 1985 च्या 'ओरिएंटल ॲडव्हेंचर्स' या डी अँड डीच्या आशियावरच्या पुस्तकात काही जपानी खेळाडूंची नावं घेऊन आभार मानलेत. म्हणजे विचारपूस अजिबात झाली नाही असं नाही. पण जपानची विचारपूस करून त्याच साच्यात अर्धा आशिया ओतला, हेही त्याच पुस्तकात दिसतं.

पुढचा मुद्दा, 'सगळ्या देवांना एकच न्याय'. इथे डी अँड डीचं 1980 चं देवांचं पुस्तक, 'डेइटीज अँड डेमिगॉड्स', उघडायला हवं. पहिल्या छपाईत 144 पानं आणि सतरा प्रकरणं: ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, चिनी, जपानी, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या देवता, आणि 'इंडियन' मथळ्याखाली इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू, काली. प्रत्येकाला हिट पॉइंट, आर्मर क्लास, म्हणजे मारायचं ठरवलं तर किती वार लागतील याचा हिशोब. झ्यूसचे 400 हिट पॉइंट. तुम्ही म्हणाल, झ्यूसलाही दिलेत की! दिलेत, पण झ्यूसच्या नावाने सकाळी दिवा लावणारं घर तुमच्या ओळखीत आहे का? बरं, एकच न्याय असेल तर येशू कुठल्या पानावर आहे? नाही. आर्थर राजाचे सरदार आहेत, पण ते ज्याची प्रार्थना करत तो नाही. लेखकांना आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे पवित्र होतं, त्याला फासे लागू नव्हते. यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मी म्हणत नाही. याआधीच्या, 1976 मधल्या देवांवरच्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत तर हेतू स्पष्टच लिहिलाय: ओडिनचेच 300 हिट पॉइंट असतील, तर चव्वेचाळिसाव्या लेव्हलच्या पात्राच्या बढाया कोण ऐकून घेणार? खैरात वाटणाऱ्या डीएमना, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांना, आवरायला देव कामाला लावले. हेतू साधा होता, पण कोणते देव कामाला लावायचे आणि कोणते नाही, ही निवड त्यांचीच होती.

या पुस्तकाची पुढची कहाणी मला सगळ्यात बोलकी वाटते. नंतरच्या छपाईत पानं 128 झाली. दोन प्रकरणं गळाली: एक क्थुल्हूच्या दैवतांचं, दुसरं मेलनिबोनेच्या. दोन्ही विसाव्या शतकातल्या लेखकांच्या कल्पनेतली, आणि त्यांवर गेम काढायचे हक्क केऑसियम या दुसऱ्या कंपनीकडे होते. म्हणजे कल्पित देवांना मालक होता, म्हणून ते सन्मानाने बाहेर पडले. विष्णूला मालक नाही, तो राहिला.

आता 'कुणी तक्रार केली नाही, कंपनी वाकली नाही'. हा तर सरळ सरळ चुकीचा दावा आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत या गेमवर सैतानपूजेचा आळ आला. 1983 मध्ये मुलाच्या आत्महत्येनंतर एका आईने गेमविरोधी संघटना काढली, चर्चमधून प्रवचनं झाली. कंपनीने काय केलं? 1985 मध्ये त्या देवांच्या पुस्तकाचं नाव बदलून 'लेजंड्स अँड लोअर' केलं. 1989 च्या, गेमच्या दुसऱ्या आवृत्तीतून 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच काढून टाकले. 1991 मध्ये तेच प्राणी टनारी आणि बाटेझू अशी नावं लावून परतले. ख्रिस्ती पालकांच्या भावनांसाठी अख्खा नरक नव्याने बारशाला बसवला. आणि 1993 चं मॉन्स्ट्रस मॅन्युअल काढून बघा: राक्षस आपल्या मूळ नावानिशी, जसाच्या तसा हजर.

भारतातून कुणी बोललंच नाही, हेही खरं नाही. इंडियाना जोन्सच्या 'टेंपल ऑफ डूम'मधलं कालीचं आणि आपल्या जेवणाचं चित्रण भारत सरकारला पटलं नाही, पटकथेत बदल मागितले गेले, आणि शेवटी चित्रीकरण श्रीलंकेत उरकलं. सिनेमा आला 1984 मध्ये. आणि त्याच साली टीएसआरने इंडियाना जोन्सचा गेम काढला, त्यासाठी याच सिनेमाचं ॲडव्हेंचर पॅकही काढलं. गेमचे लेखक डेव्हिड कुक, पुढच्या वर्षीच्या 'ओरिएंटल ॲडव्हेंचर्स'चं बरंचसं लिखाणही त्यांचंच. आवाज उठला होता, फक्त तो लेक जिनिव्हाच्या, म्हणजे टीएसआरच्या गावच्या, गिऱ्हाइकांचा नव्हता.

'आपल्या चित्रकथांमध्ये राक्षस कसे असतात?' हा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही, आणि मजकूर लिहिणाऱ्याने तो आपल्या बाजूने समजून फेकलाय. हो, लहानपणी वाचलेल्या चित्रकथांत देव गोरे-निळे आणि असुर काळे, दातवाले. त्यावर टीका व्हायलाच हवी आणि ती होतेही. पण तेवढ्यावर आपल्या परंपरेचा हिशोब संपतो का? मॅन्युअलमध्ये राक्षसाची अलाइनमेंट, म्हणजे चांगला की दुष्ट याचा शिक्का, ठरलेली: लॉफुल इव्हिल, म्हणजे शिस्तीतला दुष्ट. सगळी जात, जन्मतः. मग बिभीषणाचं काय करायचं? घटोत्कचाचं? आणि आपल्या घरातल्या बळीराजाचं? ओवाळताना आजी 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणायची, तेव्हा ती एका असुराचं राज्य मागत होती. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त याच बळीला न्यायी राजा म्हणून उभं केलं. शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा म्हणजे महिषासुरच, असं दामोदर धर्मानंद कोसंबींनी मांडलं, आणि त्याला नारळ आजही फुटतो.

कोकणातल्या वाचकांना तर सांगायलाच नको. दशावतारात संकासुर येतो, वेद चोरलेले असतात, शेवटी विष्णूच्या हातून मरतोही. पण मरेपर्यंत तो मालवणीत असे टोले हाणतो की सगळं पटांगण त्याच्या बाजूचं. तिकडे रत्नागिरीत नमन-खेळ्यात काळ्या झग्यातल्या संकासुराला लोक नवस बोलतात. हे सगळं एका 'इव्हिल'च्या रकान्यात कसं बसवणार? आपली परंपरा निष्कलंक होती म्हणून आपण तक्रार करत नाही. ती या रकान्यात मावत नाही, म्हणून करतो.

राहिली सेन्सॉरशिप. 2020 च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या आशियाई वंशाच्या एका डिझायनरने 'ओरिएंटल ॲडव्हेंचर्स' विक्रीतून काढा अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. आता हक्क असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने जुन्या पुस्तकांच्या विक्रीच्या पानावर एक टीप टाकली: यातलं काही आजच्या मूल्यांशी जुळणार नाही. पुस्तक तसंच, आतलं एक अक्षर बदललेलं नाही, पैसे भरा नि डाउनलोड करा. मला स्वतःला ती मागणी पटली नव्हती, पुस्तक राहायलाच हवं. पण माझी त्या टिपेबद्दलची तक्रार उलटी आहे: ती फारच गुळमुळीत. प्रत्येक जुन्या पुस्तकावर तीच ठरावीक वाक्यं. कोणत्या पानावर काय चुकलं, राक्षस कुठून आला, कोणती प्रकरणं का गळाली, यातलं काही नाही. सिगरेटच्या पाकिटावरचा इशारासुद्धा निदान कर्करोगाचं नाव घेतो.

'मग खेळणं सोडून द्यायचं का' हा मजकुरातला शेवटचा टोमणा. छे. आम्ही दर रविवारी खेळतो, गेल्या महिन्यापासून कोकणातली एक गोष्ट चालू आहे. मालवणची एक मैत्रीण संकासुर खेळते. कॅरेक्टर शीटवर अलाइनमेंटच्या रकान्यात तिने एक आडवी रेघ मारली आहे, आणि दर वेळी फासे टाकण्याआधी मला मालवणीत एक शिवी देते. पात्राला धरून आहे, असं तिचं म्हणणं.