‘ऑफसेट शून्य’ म्हणजे घड्याळ बरोबर, असं नाही

गोव्यात फायबर आणि टॉवरचं काम करणाऱ्या मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘राउटरवर एनटीपी पुरतं. हवंच असेल तर पीटीपीची एक ओळ टाका. फायबर कितीही लांब असो, पीटीपी उशीर स्वतः मोजतं. ऑफसेट शून्य दिसला की काम झालं. वर जीपीएस अँटेना असेल तर दुसरं घड्याळ कशाला?’ नवी पोरं हे वाचून साइटवर जातात, म्हणून लिहितोय. एनटीपी आणि पीटीपी या नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या दोन पद्धती, पीटीपी जास्त अचूक. ऑफसेट म्हणजे आपलं घड्याळ मुख्य घड्याळापासून किती सरकलंय, याचा राउटरने दाखवलेला आकडा.

लॉगवरच्या वेळेसाठी एनटीपी उत्तमच आहे. पण साध्या नेटवर्कवर त्याची अचूकता मिलिसेकंदांत असते आणि फाइव्ह-जीच्या टीडीडी टॉवरला ±१.५ मायक्रोसेकंदांच्या आत राहावं लागतं. तिथे पाठवणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं. एक टॉवर घसरला की शेजारचा ऐकत असताना हा बोलू लागतो.

‘एक ओळ’ही पुरत नाही. टेलिकॉमसाठी पीटीपीचे ठरलेले नियमसंच आहेत, त्यांना प्रोफाइल म्हणतात. जी.८२७५.१ प्रोफाइल थेट इथरनेटवर चालतं, त्याचं डोमेन (घड्याळांच्या गटाचा क्रमांक) २४ पासून सुरू होतं, जी.८२७५.२ आयपीवर, डोमेन ४४ पासून. दोन टोकांना डोमेन वेगळं पडलं तर घड्याळं एकमेकांना ओळखतच नाहीत.

अँटेनाचं म्हणाल तर जूनच्या विजांत ती जाऊ शकते. दुसरा ग्रँडमास्टर, म्हणजे वेळ पुरवणारं मुख्य घड्याळ, हवाच, आणि जी.८२७५.१ मध्ये त्याचा क्रम ‘प्रायोरिटी २’ ने ठरवायचा. ‘प्रायोरिटी १’ तिथे वापरतच नाहीत.

आता उशीर. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. मास्टरकडून सिंक हा वेळेचा संदेश येतो, आपण उलट डिले रिक्वेस्ट हा संदेश पाठवतो, आणि जाण्यायेण्याच्या एकूण वेळेचे पीटीपी सरळ दोन समान भाग करतं. दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. फोंड्याकडे एका पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. घाईच्या जोडणीत एक कोर (केबलमधला एक फायबर) जुन्या वाटेने राहिला, दुसरा वळशाच्या केबलमधून घेतला गेला. फरक सुमारे ४०० मीटर. फायबरमध्ये मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद जातात, म्हणजे २००० नॅनोसेकंद. घड्याळाची चूक त्याच्या अर्धी, पूर्ण १ मायक्रोसेकंद. राउटर मात्र रात्रभर एक आकडी नॅनोसेकंदांचा ऑफसेट दाखवत होता. ही चूक त्याला आतून दिसूच शकत नाही. शेवटी टॉवरपाशी वेगळा जीपीएस रिसीव्हर नेला आणि राउटर आणि रिसीव्हर दोघांचे दर सेकंदाला निघणारे पल्स ऑसिलोस्कोपवर एकाखाली एक लावले, तेव्हा फट डोळ्यांना दिसली.

जमेल तिथे एकाच कोरवर दोन्ही दिशा चालवणारे बायडी एसएफपी (राउटरच्या पोर्टमध्ये बसणारी मॉड्यूल्स) लावा, लांबीचा प्रश्नच मिटतो. नाहीतर पोर्टवर दोन वाटांच्या असमानतेची दुरुस्ती भरा आणि पल्स पुन्हा मोजा, कारण अधिक-उणे चिन्ह उलट पडलं तर १ ची चूक २ मायक्रोसेकंद होते आणि ऑफसेट तेव्हाही शून्यच दिसतो.