घारापुरीचा रोपवे आणि सगळीकडे फिरणारा तो फॉरवर्ड

तुमच्याही ग्रुपवर एव्हाना येऊन गेला असेल. "शिवडी ते एलिफंटा ८ किमी रोपवे, फक्त ७०० कोटी, सरकारने पैसे टाकून करूनच टाकावा. रोपवे असता तर नीलकमल बोटीतली माणसं वाचली असती. गावकऱ्यांचं भलं होईल, प्रदूषण शून्य, पावसाळ्यातही चालू. व्हिएतनाम-आयर्लंडला जमतं, आपल्याला का नाही?" खाली व्हिएतनामच्या केबल कारचा फोटो, निळंशार पाणी वगैरे.

आता एलिफंटाच्या म्हणजे आपल्या घारापुरीच्या रोपवेचा हा प्रस्ताव मुंबई पोर्ट ट्रस्टचा, काही वर्षांपूर्वीचा, आजवर समुद्रात एक खांब उभा राहिलेला नाहीये. तेव्हा बोलणं होतं ते खासगी भागीदारीचं, आणि आता हे लोक सरळ तिजोरीतून करा म्हणतायत, म्हणून लिहायला बसलो.

नीलकमलचं आधी, कारण तो मुद्दा वाचून डोकंच फिरलं. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट इंजिनाची चाचणी घेत होती, कंट्रोल सुटला आणि ती घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर येऊन धडकली, १५ माणसं गेली. नीलकमलला परवानगी ८४ प्रवाशांची, आत शंभरावर, आणि लाइफ जॅकेट अंगात नव्हती हे वाचलेल्या लोकांनीच सांगितलं. म्हणजे करायचं काय तर माणसं मोजून चढवा, जॅकेट घालायला लावा, चाचण्या प्रवासी बोटींच्या वाटेत घेऊ नका. याला ७०० कोटी कशाला लागतात? आणि रोपवे झाला तरी मांडवा, मोरा, रेवसची माणसं त्याच पाण्यातून बोटीनेच जाणार ना, त्यांचं काय?

"फक्त ७०० कोटी" हे फक्त फॉरवर्डमध्येच फक्त असतं. ८ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ५६ कोटी झाले. समजा वर्षाला ५ लाख लोक रोपवेने गेले, तर माणशी ११२० रुपये नुसतं व्याज, त्यात वीज, पगार, दोरांची तपासणी, खाऱ्या हवेत गंजणाऱ्या लोखंडाची देखभाल काहीच धरलेलं नाही. गेटवेवरून बोटीचं जाऊन-येऊन तिकीट अडीचशेच्या आसपास आहे. चौघांचं कुटुंब काय करेल सांगा. वर लेणी सोमवारी बंद, संध्याकाळनंतर पर्यटकाला बेटावर राहता येत नाही, म्हणजे धंद्याचे दिवस आणि तास आधीच कापलेले. रायगडचा रोपवे १९९६ पासून चालतोय तो खासगी कंपनीने केलेला, तोटा झाला तर तिचा. इथे मात्र तोटा सरकारने घ्यायचा म्हणे.

गावकऱ्यांचं भलं हा सगळ्यात गोड मुद्दा. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर, तीनच गावं, हजार-बाराशे वस्ती, उरण तालुका. धक्क्यावर उतरलात की ती छोटी गाडी नाहीतर पायी, मग शंभर-सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूला निळ्या ताडपत्रीखाली दुकानं, काकडी, कैरी, माळा, दगडी हत्ती, मध्येच माकड हातातली पाण्याची बाटली पळवतं, कुणा आजींना खुर्चीत बसवून चौघं वर नेतायत. बेटाचं पोट बरंचसं याच वाटेवर भरतं. रोपवेचं स्टेशन वरच्या अंगाला काढलं की ही वाट ओस पडली, आणि धक्क्याजवळ काढलं तर मग बोटीपेक्षा वेगळं काय मिळालं?

बरं, याच बेटावर वीज कधी आली, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून, खर्च साधारण २५ कोटी. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, बास. जागतिक वारसा हा मान १९८७ चा, म्हणजे सगळं जग येऊन त्रिमूर्ती बघून जात होतं आणि शेजारच्या घरात दिवा नव्हता. २५ कोटींना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लावली आणि ७०० कोटी मात्र लगेच पाहिजेत! उन्हाळ्यात तिथे अजून पाण्याची मारामार असते, ते फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

प्रदूषण शून्य म्हणजे धूर नाही, मान्य. पण रोपवे सुरू होणार शिवडीच्या त्याच चिखलपट्ट्यांपासून जिथे फ्लेमिंगो येतात आणि जिथे अटल सेतू आधीच होऊन बसलाय. खालून मोठाली जहाजं जायची म्हणून टॉवर उंच लागणार, त्यांचे पाये समुद्रतळात. शिवाय लेण्यांपासून १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी काढावी लागते. बेट केवढंसं, जागा शोधून दाखवा.

पावसाळ्याचं तर बोलूच नका. जो वारा बोट बंद करतो तोच केबिनपण बंद करतो.

राहिलं परदेश. फोटोतली व्हिएतनामची केबल कार फु क्वॉकहून होन थॉम बेटावर जाते, ७.९ किमी, २०१८ ची, लांबी आपल्या प्रस्तावाएवढीच. पण ती सन ग्रुप या खासगी कंपनीने बांधली आणि वसुलीसाठी बेटावर वॉटर पार्क उभा केला. शिवलेण्याशेजारी वॉटर पार्क चालेल का तुम्हाला?

आयर्लंडचं डर्सी बेट वेगळंच प्रकरण आहे. तिथली केबल कार १९६९ ची, सामुद्रधुनी अर्धा किलोमीटरही रुंद नाही पण प्रवाह असे की बोट घालणं जिवावरचं काम, म्हणून सहा माणसांची एक केबिन, आणि पूर्वी त्यातून मेंढ्यापण जायच्या. २०२२ मध्ये दुरुस्तीसाठी बंद पडली, सरकारी पैशातून काम होऊन २०२३ च्या जूनमध्ये परत सुरू झाली. म्हणजे सरकारने पैसा घातला तो तिथे राहणाऱ्या आणि गुरं पाळणाऱ्या माणसांच्या येण्याजाण्यासाठी, पर्यटक नंतर आले. हाच हिशोब घारापुरीला लावायचा असेल तर रात्री दोन वाजता बाळंतीण न्यायला धक्क्यावर एक सरकारी बोट कायम उभी ठेवा अशी मागणी करा. तो मेसेज मी स्वतः दहा ग्रुपवर टाकतो.